"बरं हाये" म्हणणाऱ्या पेशंटवर लक्ष कसं ठेवायचं : तोंडाच्या कॅन्सरनंतरची घरची वही

आमच्या मोठेबाबांचं गालाचं ऑपरेशन झालं, मग तीस रेडिएशन झाले, मग रिपोर्ट क्लिअर आला आणि घरात पेढे वाटले. त्यानंतर चार महिने येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा कसं वाटते मोठेबाबा, आणि ते दरवेळी म्हणायचे "बरं हाये". चार महिन्यांनी एक दिवस मी दुपारी अचानक शेतातून घरी आलो तर हे ताट घेऊन मागं गोठ्यात, बैलांकडे तोंड करून बसलेले, आणि मांडीवर जुना दुपट्टा. खालचा ओठ एका बाजूनं बधिर झाला होता, वरण कधी बाहेर आलं ते त्यांना समजतच नव्हतं, आणि लहान नात एकदा सगळ्यांसमोर "आबा सांडलं" म्हणून हसली होती. तेव्हापासून माणूस घरच्यांसोबत जेवला नाही. आणि आम्ही सगळे समजत होतो की यांना एकट्यात शांततेनं जेवायला आवडते.

तर रिपोर्ट गाठीबद्दल सांगतो, माणसाबद्दल सांगत नाही. आपल्या इकडचा माणूस, त्यात वयस्क, त्यात शेतकरी, तो स्वतःहून काही सांगणार नाही, कारण आधीच घरच्यांचा एवढा पैसा गेला, आता आणखी काय रडत बसायचं असं त्याच्या डोक्यात असते. म्हणून विचारण्यापेक्षा बघायचं कसं, आणि विचारायचं असेल तर कोणत्या शब्दात विचारायचं, आणि ते लिहून डॉक्टरपर्यंत कसं न्यायचं, हे सांगतो. मी डॉक्टर नाही, पण गेल्या काही वर्षात घरात आणि मग गावातल्या अजून तीन-चार घरी हे करून बघितलं आहे. औषधाचं काहीही डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका, हे एकदाच सांगतो, पुन्हा पुन्हा लिहीत नाही.

आधी वही

शंभर पानी वही घ्या, पेन दोरीनं बांधा आणि वही देवळीत ठेवा जिथं सगळ्यांचा हात जातो. मोबाईलमध्ये लिहू म्हणता पण मोबाईल पोट्टा घेऊन कॉलेजात जातो आणि वही घरीच राहते. एका आठवड्याला एक पान. त्यावर रोजच्या चार गोष्टी लिहायच्या : दुखणं किती, पोटात किती गेलं, झोप कशी झाली, आणि आज घराबाहेर कुठं गेले किंवा कोणाशी बोलले. आठवड्यातून एकदा दोन गोष्टी : वजन आणि तोंड किती उघडते. एवढंच. मी सुरुवातीला उत्साहात बावीस रकाने आखले होते, पाचव्या दिवशी वही बंद पडली.

मोठ्या दवाखान्यात यासाठी छापील फॉर्म असतात. युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर-संशोधन संस्थेचा तीस प्रश्नांचा एक फॉर्म आहे आणि डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी वेगळा पस्तीस प्रश्नांचा, दोन्हीचं मराठी भाषांतर झालेलं आहे आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं ते आपल्या पेशंटवर तपासूनही बघितलं आहे. त्यात बहुतेक प्रश्न "मागच्या आठवड्यात" असे असतात, म्हणून आपलं पानही आठवड्याचं. मला त्या पस्तीस प्रश्नांतली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटली की त्यात घरच्यांसमोर जेवायला त्रास होतो का, चारचौघात जेवायला त्रास होतो का, असं सरळ विचारलेलं आहे. म्हणजे गोठ्यात ताट घेऊन जाणारे आमचे मोठेबाबा एकटे नाहीत, जगभर हाच प्रकार आहे. तुमच्या दवाखान्यात फॉर्म भरून घेत असतील तर भराच, नसतील घेत तर मागून बघा, लाजू नका.

दुखणं : दहापैकी विचारू नका, आण्यात विचारा

नर्सबाई विचारायच्या दहापैकी किती दुखते, आणि मोठेबाबा माझ्याकडे बघायचे. मग मोठीमायनं एक दिवस सहज विचारलं, "सोळा आण्यातून किती आणे दुखून रायलं?" आणि हे पटकन म्हणाले, "बारा आणे." मी चाटच पडलो, कारण सकाळी मला "बरं हाये" सांगितलं होतं. तेव्हापासून वहीत आणेच लिहितो आणि दवाखान्यात जाताना दहाचा हिशोब करतो, चार आणे म्हणजे अडीच, आठ आणे म्हणजे पाच, बारा आणे म्हणजे साडेसात. तरुण पेशंट असेल तर दहापैकीच विचारा, त्याला आणे कळणार नाहीत.

एकदा विचारून भागत नाही. नुसतं बसलेलं असताना किती, गिळताना किती, आणि रात्री किती, हे तीन वेगवेगळे असतात आणि डॉक्टर त्यावरून औषध बदलतात. गिळतानाच जास्त असेल तर गोळी जेवणाच्या आधी अर्धा तास दिलेली चालेल का हे विचारून घ्या, आमच्याकडे एवढ्यानं अर्धी भाकर जास्त जायला लागली, म्हणजे दुधात भिजवलेली. आठ आण्याच्या वर दोन दिवस सलग राहिलं तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका, फोन करा. आणि कानात काही नसताना एका बाजूचा कान दुखायला लागला, तर ते कानाचं दुखणं म्हणून मेडिकलमधून थेंब आणून टाकू नका. तोंडातलं किंवा घशातलं दुखणं कानात उतरते, ते वहीत लाल पेनानं लिहा आणि दाखवा.

मॉर्फिनची गोळी दिली तर अर्धे घरवाले घाबरतात, याची सवय लागेल, हे शेवटचं औषध आहे, वगैरे. कॅन्सरच्या दुखण्याला डॉक्टरनं ठरवून दिलेल्या डोसमध्ये ते नेहमीचंच औषध आहे. त्याचा खरा त्रास म्हणजे संडास घट्ट होते, म्हणून सोबत संडास साफ व्हायचं औषध लिहून दिलं आहे का बघा आणि वहीच्या कोपऱ्यात संडास झाली तर एक टिक मारा. तीन दिवस टिक नाही म्हणजे फोन. हे विचारायला सून लाजते आणि सांगायला सासरे लाजतात, म्हणून आमच्याकडे हे खातं मोठीमायकडे होतं.

पोटात किती गेलं

"जेवले का" याचं उत्तर नेहमी "हो जेवलो" असते. ताटात किती वाढलं ते कोणी धरू नका, किती उरलं ते बघा, आणि जेवायला किती वेळ लागला ते बघा. आधी दहा मिनिटात उठणारा माणूस आता पाऊण तास बसून थंड झालेलं अन्न बोटानं ढकलत असेल तर ते जेवण नाही, मेहनत आहे.

रेडिएशन साधारण आठवड्यातून पाच दिवस आणि सहा आठवडे चालते. तोंड सोलवटणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि शेवटच्या आठवड्यात, आणि संपल्यावरही दोन-चार आठवडे, ते सगळ्यात जास्त असते. हे आम्हाला कोणी समजावून सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल पण त्या गडबडीत डोक्यात गेलं नाही. नागपूरहून घरी आणलं तर आम्हाला वाटलं आता उतार पडणार, आणि इकडे पाणीसुद्धा जाईना. मोठीमाय म्हणे डॉक्टरनं काही चुकवलं. तर नाही, तो काळच तसा असतो, आणि म्हणून घरी आल्यानंतरचा पहिला महिना वही रोज भरायची, तिथं आळस नाही.

या काळात आपलं विदर्भाचं तिखट बंद, हे सांगायला नको, पण आंबट पण बंद, म्हणजे आंबील, ताक, लिंबू. लोक प्रेमानं आंबील करून आणतात आणि ती तोंडात गेली की माणूस भिंतीला हात लावतो. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून दुधात, केळ कुस्करून, खिचडी अगदी गरगट आणि त्यात चमचाभर तूप, अंडं चालत असेल तर मऊ अंडं. गरम नको, कोमट. तोंड धुवायला एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, दिवसातून चार-सहा वेळा खळखळायचं आणि थुंकायचं. बाटलीतलं झणझणीत माउथवॉश आणू नका, त्यात अल्कोहोल असलं तर आग होते. आणि रेडिएशन चालू असताना गालाला-मानेला हळद, तेल, कोणाचा तरी लेप असलं काही लावू द्यायचं नाही, वस्तरा पण नाही.

वजन हा सगळ्यात खरं बोलणारा साक्षीदार. दर सोमवारी, सकाळी, संडासहून आल्यावर, त्याच कपड्यात, त्याच काट्यावर. काटा घरी नसेल तर उपकेंद्रात आशाताईंना विचारा, किंवा किराण्याच्या दुकानातला धान्याचा इलेक्ट्रॉनिक काटा, मोठेबाबा त्यावरच उभे राहायचे आणि दुकानदार म्हणायचा बाबा, पोत्यापेक्षा हलके झाले तुम्ही. महिन्याभरात पाच टक्क्याच्या वर उतरलं किंवा सहा महिन्यात दहा टक्के, तर धोक्याचं समजा. हिशोब सोपा आहे, ५४ किलोचा माणूस असेल तर पाच टक्के म्हणजे २ किलो ७०० ग्रॅम. तेवढं महिन्यात गेलं की आहारतज्ज्ञांना भेटायचं आणि अन्नासाठी नाकातून नळी घालायची का विचारायचं.

नाकातून नळी असेल तर पोटात गेलेलं मोजणं उलट सोपं असते, कारण सगळं मापून जाते. पण इथं एक चूक मी प्रत्येक घरी बघितली : नळी अडकू नये म्हणून वरणाचं वरवरचं पाणी, भाताची पेज, नारळपाणी, एवढंच चालू असते. पोट भरते, डोळ्याला वाटते दिवसभर देतोय, पण त्यात ताकदच नसते. घट्ट वरण मिक्सरमधून काढून गाळणीतून गाळा, दूध, सातूचं पीठ, डॉक्टरनं दिलेली पावडर. एका वेळी किती मिली आणि दिवसात किती वेळा हे आहारतज्ज्ञाकडून वहीतच लिहून घ्या. देताना बसवून किंवा उशा लावून, देऊन झाल्यावर अर्धा-पाऊण तास तसंच बसवून ठेवायचं, आधी आणि नंतर साधं पाणी सोडायचं. नाकाजवळ नळीवर पेनाची खूण करून ठेवा, खूण सरकलेली दिसली किंवा देताना ठसका लागला, श्वास लागला, तर तिथंच थांबायचं. बाहेर आलेली नळी घरी आत ढकलायची नाही.

तोंड किती उघडते

खर्रा, म्हणजे घासलेली सुपारी-तंबाखू, खाणाऱ्यांचं तोंड ऑपरेशनच्या आधीपासूनच आखडलेलं असते, त्यात ऑपरेशन, त्यात रेडिएशन, मग जबडा आणखी बसत जातो आणि हे इतकं हळू होते की कोणाच्याच लक्षात येत नाही. साधी खूण, स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक तोंडात जातात का. जात नसतील तर मोजायला लागा. कंपासपेटीतली पट्टी घ्या, वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांच्या टोकांमधलं अंतर, ३५ मिलिमीटरच्या खाली असेल तर तोंड आखडलं असं डॉक्टर धरतात.

आम्ही आईस्क्रीमच्या लाकडी काड्या वापरल्या, नवीन, पाकीट मिळते स्टेशनरीच्या दुकानात. फिजिओवाल्या मॅडमनी दाखवलं तसं काड्यांची थप्पी दातांमध्ये सरकवायची आणि दर थोड्या दिवसांनी एक काडी वाढवायची. मोठेबाबा नऊ काड्यांवर होते. वहीत नऊ, नऊ, दहा, दहा, नऊ (त्या आठवड्यात सोयाबीनची कापणी होती, कोणी लक्ष दिलं नाही), अकरा. काडीचा आकडा माणसाला कळतो, मिलिमीटर कळत नाही, आणि एक काडी वाढली की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी कोणत्याच रिपोर्टनंतर बघितलं नाही. जोर लावून एकदम वाढवायच्या नाहीत मात्र, आणि ऑपरेशननंतर कधी सुरू करायचं ते सर्जनच सांगतील.

कोरडं तोंड आणि थुंकीचं मोजमाप मी असं करतो, रात्री पाणी प्यायला किती वेळा उठले. रेडिएशननंतर लाळ कमी होते आणि ती महिनोन् महिने, काहींची कायमची कमी राहते, त्यात आपला मे महिना, पारा पंचेचाळीसला आणि वरून कूलरची झळझळीत हवा थेट तोंडावर. पाच-सहा वेळा उठणं म्हणजे झोप गेलीच. उशाशी बाटली, कूलरचं तोंड दुसरीकडे, जेवणात पातळ काहीतरी. लाळ नसली की दात भराभर किडतात, म्हणून दातांच्या डॉक्टरला दाखवत राहा, पण दात काढायची वेळ आली तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय गावातल्या दवाखान्यात काढू नका, रेडिएशन लागलेलं जबड्याचं हाड नीट भरून येत नाही, सडू शकते.

हात, आवाज आणि छातीचे केस

मानेच्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा खांदा उतरतो, कारण खांदा उचलणारी नस तिथूनच जाते. आमच्या लक्षात आलं कधी, तर मोठेबाबा शर्ट सोडून बंडी घालायला लागले तेव्हा. मला वाटलं उन्हाळा आहे. हात वर करून बाही घालताच येत नव्हती. म्हणून महिन्यातून एकदा बघा : स्वतःचे केस विंचरता येतात का, दोरीवर टॉवेल टाकता येतो का, विहिरीवरून बादली ओढता येते का. शेतीवाल्या माणसाचं आयुष्य या खांद्यावर आहे, त्यात फिजिओचा व्यायाम खरंच उपयोगी पडतो, लवकर सुरू केला तर.

बोलणं मोजायला फोन बरा. घरच्यांना सवयीनं सगळं समजते, त्यामुळे आपण चुकीचे परीक्षक. दर रविवारी मोठेबाबा दिग्रसला आत्याला फोन लावायचे आणि मग मी आत्याला विचारायचो किती समजलं, ती सांगायची आठ आणे, दहा आणे. एकदा ती म्हणाली आज सगळं समजलं बावा, त्या दिवशी वहीत मी काय लिहिलं असेल ते सांगायला नको.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. छातीचं मांस वर आणून गालात लावलं असेल तर पुरुषांना कधी कधी त्या जागी तोंडात केस येतात. घाबरू नका, कॅन्सर नाही, डॉक्टरला सांगितलं की उपाय निघतो. आमच्याकडे हा माणूस दोन महिने हे कोणाला न सांगता जिभेनं चाचपत होता.

मनाचं कसं बघायचं

सगळ्यात अवघड खातं हेच. "टेन्शन आहे का" विचारलं की "कायचं टेन्शन" येते. म्हणून चौथा रकाना : आज कुठं गेले, कोणाशी बोलले. पारावर गेले का, पानठेल्याकडे गेले का (त्यावर पुढं), मळ्यात गेले का, लग्नाला चला म्हटलं तर काय म्हणाले. दाढी केली का. आरशाकडे पाठ करून बसतात का. सलग दोन आठवडे तो रकाना कोरा असेल, रात्री झोप नाही, आवडीच्या गोष्टीत मन नाही, असं दिसलं तर ते "वय झालं" म्हणून सोडू नका. एक आड गोष्ट अशी की मानेला रेडिएशन लागलेल्यांची थायरॉईड ग्रंथी पुढं मंद पडू शकते, माणूस सुस्त, थंडी वाजते, संडास घट्ट, सूज, आणि घरचे म्हणतात खचला. म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएचची रक्ततपासणी करायची असते, साधी तपासणी आहे, डॉक्टरला आठवण करून द्या.

जगण्याचा कंटाळा आला, तुमच्या मागचं ओझं जाऊ द्या, असं काही तोंडातून निघालं तर ते हसण्यावारी न्यायचं नाही. सरळ विचारा, मनात जीव द्यायचा विचार येतो का मोठेबाबा. विचारल्यानं विचार येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. आणि त्याच दिवशी फवारणीचं औषध घरातून, गोठ्यातून हलवा, शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा, माणूस एकटा राहू देऊ नका. सरकारचा टेली-मानस नंबर १४४१६ आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येते. यवतमाळ-अमरावतीकडच्या लोकांना हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

आता पानठेला. गुटखा आपल्या राज्यात २०१२ पासून बंद आहे आणि खर्रा चौकाचौकात पन्नीवर घासून मिळतो, तेव्हा सुटला का हे वहीत विचारावंच लागते. पण रागावून विचारलं की माणूस लपवतो आणि मग वहीच खोटी होते. मी विचारायचो, आज आठवण किती आली, किती आणे. एकदा म्हणाले सोळा आणे, कारण पारावर सगळे घासत बसले होते आणि हे मधात. खरा प्रश्न खर्ऱ्याचा जेवढा तेवढाच संगतीचा होता, खर्रा सोडला म्हणजे पार सुटला, मित्र सुटले. सोडायला मदत लागली तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन आहे.

बाईपेशंट असेल तर हे सगळं आणखी दडलेलं असते. ती स्वयंपाक करत राहते, चव कळत नाही म्हणून मीठ चुकते, आणि घरचे मिठावरून बोलतात. तिला कोण विचारते? तिच्या वहीसाठी तिची बहीण किंवा लेक बसवा, नवरा नको. आणि वासाची लाज वाटते म्हणून नवरा-बायकोतलं जवळ येणं थांबलं, तर त्या जवळ येण्याबद्दल पण त्या छापील फॉर्ममध्ये प्रश्न आहे, म्हणजे डॉक्टरला विचारण्यासारखीच गोष्ट आहे ती.

दवाखान्यात काय करायचं

पहाटेची एसटी, नागपूरला जाऊन नंबर लावायचा, आणि आत गेल्यावर पाच मिनिटं. पहिली दोन वर्षं कॅन्सर परत उलटायची भीती जास्त असते म्हणून फॉलोअप जवळजवळ असतात, चुकवू नका, पण त्या पाच मिनिटांत तोंड उघडा, मान बघितली, ठीक आहे, पुढची तारीख, असं होते आणि आपण बाहेर येऊन म्हणतो अरे ते खांद्याचं राहिलंच. लिव्हरपूलमध्ये सायमन रॉजर्स नावाच्या सर्जननी यासाठी पन्नासहून जास्त काळज्यांची एक यादीच केली, पेशंट आत जायच्या आधी त्यावर खुणा करतो आणि आज कशावर बोलायचं ते पेशंट ठरवतो. आपण तेच गावठी पद्धतीनं करू. जायच्या आदल्या रात्री वहीचं कोरं पान काढा आणि पेशंटला विचारा, उद्या डॉक्टरला तीनच गोष्टी सांगायच्या, कोणत्या? तीनच. आणि त्या त्याच्याच, आपल्या नाही.

मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं दुखणं, वजन, गिळणं म्हणतील. मोठेबाबा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, पोळ्याला बैल घेऊन तोरणाखाली उभं राहता येईल का, भाकर तोडून खाता येईल का, आणि लाळ गळते ते थांबेल का. मी ते जसंच्या तसं लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं, पेन खाली ठेवला आणि पहिल्यांदा खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

आत गेल्यावर नातेवाईकानं तोंड बंद ठेवायचं. हे मलाच जमत नव्हतं. डॉक्टर विचारतात कसं आहे बाबा आणि उत्तर मी देतो, मोठेबाबा मान हलवतात. बोलणं समजत नसलं तरी थांबा, त्यांना बोलू द्या, अडलं तर पाटी द्या. आपण फक्त वही पुढं करायची आणि वजनाचे आकडे वाचायचे.

पैशाचं पण लिहा, तीस प्रश्नांच्या त्या फॉर्ममध्ये उपचारानं पैशाची अडचण आली का हा प्रश्न आहेच. किती दिवस मजुरी बुडाली, पेरणीला माणूस लावावा लागला का, औषध पैशामुळे अर्धं घेतलं का. हे शेवटचं फार जण करतात आणि सांगत नाहीत. दवाखान्यात समाजसेवा विभाग असतो, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसतात, कॅन्सर पेशंटला एसटी आणि रेल्वेत सवलत असते, पण त्यासाठी दाखला लागतो आणि तो मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आम्ही वर्षभर पूर्ण तिकीट काढून गेलो.

वही बाजूला टाकून लगेच निघायचं कधी

तोंडातून किंवा मानेतून रक्त यायला लागलं, थोडं जरी असलं तरी. श्वास घेताना घरघर किंवा शिटीसारखा आवाज. केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर. दिवसभर घोटभर पाणीही गेलं नाही किंवा लघवीच झाली नाही. मानेला-चेहऱ्याला एकदम सूज. यात सकाळ होऊ द्या म्हणायचं नाही, १०८ ला फोन. आणि तोंडात नवीन चट्टा, जखम, मानेत नवीन गाठ दिसली आणि ती दोन आठवड्यात गेली नाही तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा, वजनाच्या दिवशीच, बॅटरी मारून तोंड बघा. जमलं तर मोबाईलनं फोटो काढून ठेवा, मागच्या महिन्याच्या फोटोशी ताडून बघता येतो.

किती दिवस लिहायचं? रेडिएशन आणि नंतरचा महिना रोज, मग तीन-चार महिने आठवड्याला, मग प्रत्येक फॉलोअपच्या आधीचा एक आठवडा.

शेवटची पानं आम्ही मोठीमायसाठी सोडली, आणि हे मला वही सुरू करून दीड महिन्यानं सुचलं. रात्री नळीतून पाणी द्यायला तीच उठायची, दुपट्टे तीच धुवायची, आणि तिला विचारलं तर ती पण "बरं हाये". तिच्या पानावर दोनच रकाने आहेत, झोप किती तास, आणि आज घराबाहेर गेली का. पहिल्या आठवड्यात झोपेखाली चार, तीन, चार, चार होतं, दुसरा रकाना पूर्ण कोरा. आता शनिवारी रात्री नळीचं काम माझ्याकडे असते आणि ती शेजारच्या ओट्यावर जाऊन बसते, त्याच्यासमोर टिक ती स्वतः मारते, पेन नीट धरता येत नाही म्हणून जरा वाकडी.